पुलाखालचं वाक्य

योरिसदादा,

चुका पोटात घाल. शाळा सोडल्यापासून लिहिणं सुटलंय, एकेक अक्षर शोधून टाइप करतेय.

आज बाबांचा घसा बसला, म्हणून कालव्यातल्या फेरीच्या बोटीवर पर्यटकांना माहिती मला सांगावी लागली. ब्रुसेल्सहून एका दिवसासाठी आलेली तीस माणसं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. ठेंगणा पूल आला आणि तू बोटीवर नेहमी म्हणायचास ते तुझंच वाक्य निघालं, "मंडळी, वाका! पूल चारशे वर्षं वाकला नाही, आज तुमच्यासाठीही वाकायचा नाही." सगळे खदखदून हसले. तुझ्यासारखं कुणाला सुचत नाही रे.

तू भांडून गेल्यापासून बाबांनी तुझं नाव काढलं नव्हतं. सुकाणू धरून, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "उद्याही योरिसचंच म्हण."

हे पाठवायचा धीर होत नाहीये, फोनमध्येच ठेवते.

मांजरीला तीन पिल्लं झालीत.

तुझी फेम्के,
ब्रुज