दगडाबरोबर आलेली मंडळी

प्रिय अवनी,

तुझा समुद्र सुखरूप आहे. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारी, दीड हात लांबीचा समुद्र, आणि राखणीला मी! दुपारी पडदा ओढून समोर बसते. निळा दिवा, पंपाची गुणगुण, पोवळी हलकेच डोलत असतात. एक ते चार आपल्याकडे बेल वाजवायची कुणाची हिंमत नाही, त्यामुळे तंद्री मोडत नाही. कधी वाटतं, मीच पाण्यात आहे आणि मासे खुर्चीत बसून माझ्याकडे बघताहेत.

पाणी आटलं की साधं फिल्टरचंच घालते, खारं नाही; मीठ मागे उरलेलंच असतं. तेवढं लक्षात आहे. पण एक घोळ घातला. टाकीत ठेवायला तू शेवटी आणलेल्या समुद्री दगडावर तपकिरी, काचेसारखं फूल उगवलं. मला शोभा वाटली. फार पसरलं तशी जास्वंदीसारखं कात्रीने छाटलं. पंधरा दिवसांत एकाची सात झाली आणि त्यांच्या डंखाने शेजारचं पोवळं मिटून बसलं. मग टाकीवर तू चिकटवलेली चिठ्ठी चष्मा लावून वाचली: ‘आजी, आधी ओळख पटव, मग हात लाव.’ फूल नव्हतंच ते, प्राणी होता. आता पंप बंद करून, सिरिंजने एकेकाला लिंबाचा रस पाजते आहे. पाच गेली, दोन उरलीत.

मागच्या आठवड्यात त्याच दगडातून गुलाबी, केसाळ किडा निघाला. शिसारी आली. चिमट्यात धरलाही होता. पण या वेळी तुझ्या आईला फोटो काढायला लावून आधी चौकशी केली. तो बिचारा माशांचं उष्टं खाऊन वाळू साफ ठेवतो म्हणे. सोडून दिला. हल्ली दिसला की बरं वाटतं.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पत्र वेगळ्यासाठी आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या सुशीलाबाईंनी तू कोण म्हणून विचारलं आणि मी म्हणाले, ही माझ्या सुनेबरोबर आलेली. तू तिळगुळाचा डबा घेऊन मागेच उभी होतीस. फेब्रुवारीत तू हिंजवडीला खोली घेतलीस, ऑफिस जवळ पडतं म्हणून. ट्रॅफिकचं कारण मीही सगळ्यांना सांगते. माझ्या शौनकने तुझ्या आईशी दुसरं लग्न केलं, ते पचनी पडायला मला वेळ लागला, आणि त्याचा राग तुझ्यावर निघत राहिला. चाळीस वर्षं मराठी शिकवलं, आणि तुझ्यासाठी मला ‘बरोबर आलेली’ एवढेच शब्द सापडले. अवनी, चुकलं माझं. आठ वर्षं घरात वावरणाऱ्या मुलीची मी ओळखच करून घेतली नाही. काल सुशीलाबाई जिन्यात भेटल्या. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी थांबवून सांगितलं, अवनी माझी नात आहे. तुला सांगायचं तेवढं राहिलं होतं. शनिवारी ये. कितीही ट्रॅफिक असो, ये.

तुझीच,
आजी