परकराची नाडी

यवतमाळ, मंगळवार, सायंकाळ

सुमनच्या आजाराचे निदान लांबले यात डॉक्टरांचा दोष नाही, एवढेच आज मला सिद्ध करायचे आहे.

माझ्या या धाकट्या बहिणीच्या स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झाले. दिवाळीत ती नेरहून आली तेव्हा म्हणाली, "दादा, परकराची नाडी पुरून नाही राह्यली. डॉक्टरले दाखवू का?"

मी म्हणालो, "उतारवयात अंग भरतेच."

"मंग हात काहून वाळले?"

मी हसलो. फराळाचे ताट तिच्यापुढे सरकवले. का हसलो?

त्यानंतर तीन महिने गेले, मगच तपासण्या झाल्या. आज डॉक्टरांनी सांगितले की दोन्ही अंडाशयांतील गाठींचे तुकडे जुन्या ऑपरेशनच्या स्लाइडशी ताडून पाहिले; पेशी स्तनातल्याच आहेत. जुनाच रोग पसरला आहे, पोट त्यानेच फुगले; बरा होणार नाही. औषधांनी काही काळ आवरता येईल.

परतताना माझा चेहरा पाहून सुमनच म्हणाली, "जीवाले लावून नको घेऊ, दादा. लांब नाडी घेतली म्या."

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. नाडी आणि हात, दोन्ही पुरावे तिने दिवाळीतच माझ्यासमोर ठेवले होते. मी ते ऐकले नाहीत. चूक माझी.

— य. वि.