आठवा ठिपका

मुक्काम बेंबळीच्या वाटेवरचं तळं,
आषाढ वद्य पंचमी, फसली १३५३

तीर्थरूप हणमंतप्पा मामांच्या पायांवर भाचा महालिंगप्पाचं डोकं, आणि शिवम्मा मामींनाही वाकून शरणार्थी. लोहाऱ्याच्या वैद्याच्या लेपानं तुमच्या गुडघ्याची कळ उतरली का, ते कळवावं. आमच्याकडं सगळी खुशाली आहे. (खुशाली म्हणजे, पत्र लिहायला बसलो तेव्हा बांध जागेवर होता.) गिरिजा ठीक आहे. लेक शिवगंगा पहिल्या बाळंतपणाला आली आहे, सातवा संपत आला.

तळ्याच्या राखणदारीची ही नोकरी तुम्ही शब्द टाकल्यामुळं मिळाली. ते उपकार मी विसरलो नाही; विसरायचा लई प्रयत्न करतो. काम काय, तर बांधातली पाणी सोडायची मोरी उघडायची, मोरी मिटायची, बांधावर चढलेली म्हसरं हाकलायची. बांध दोनशे वर्षांचा, काळ्या दगडाचा, चुन्यात बसवलेला. कुणी बांधला ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून गावातला जो तो आपल्या पणजोबाचं नाव सांगतो. (दुरुस्तीची गोष्ट काढली की मात्र बांध सरकारचा होतो.) तर गेल्याच्या मागल्या मार्गशीर्षात मोरीच्या डोक्यावर मला तडा दिसला. करंगळी जाईल एवढा. मी कचेरीत अर्ज दिला. सरकारचा कारभार उर्दूत आणि अर्ज मराठीत, म्हणून परत आला. मुनशीकडून उर्दूत करून दिला, तर सहा महिन्यांनी सवाल आला की तडा वाढतोय याला सबूत काय?

आता सबूत म्हणजे खूण करणं आलं. चुन्याची केली, ती पावसात गेली. कोळशाची केली, ती शेरडांनी अंग घासून पुसली. तेव्हा मला अक्कल सुचली (एरवी तिचा त्रास नसतो). मारुतीच्या गुरवाकडून तेलात कालवलेला शेंदूर आणला आणि तडा जिथं संपतो तिथं बोटानं एक ठिपका दिला. दर अमावास्येला जायचं, तडा जिथवर चढला तिथं नवा ठिपका द्यायचा. मी लिंगायताच्या घरचा, गळ्यात लिंग, आणि बोटाला शेंदूर! पण शेंदूर पाण्यानं जात नाही, एवढंच मी बघितलं. दगडाला शेंदूर लागला की पुढं काय होतं, हे आपल्या मुलखातलं शेंबडं पोरगंही सांगेल. मला सुचलं नाही.

सातवा ठिपका दिला त्याच आठवड्यात धनगराची बानूबाई मेंढ्यांना पाणी पाजायला आली. पाण्याच्या काठी सात शेंदरी ठिपके ओळीनं! "पाण्यातल्या सातीआसरा देवी परगट झाल्या गं बया!" म्हणून ती जी ओरडत गेली, ती गाव घेऊनच परत आली. खण आले, हिरव्या बांगड्या आल्या, दहीभात आला. तड्यातून पाझरणारं पाणी तीर्थ झालं. खरजेवर चालतं म्हणे. मंगळवारी नारळ फुटू लागले, आणि फोडायचे कुठं? तर तड्याच्याच दगडावर! मी हातापाया पडून सांगितलं, बाबांनो, ते ठिपके माझे आहेत. तर म्हणाले, व्हय, देवीनं तुझ्या हातानं करून घेतले, तू भाग्याचा.

पुढच्या अमावास्येला तडा आणखी चार बोटं चढला. मी आठवा ठिपका दिला. मामा, लोक माझ्या अंगावर धावून आले! आसरा सात असतात, ही आठवी कोण कुठली? पंचांनी मला चावडीवर उभं केलं, देवीची माफी मागायला लावली आणि आठवा ठिपका राखेनं घासून काढला. तेव्हापासून गावाच्या लेखी तडा सातावरच थांबलेला आहे. लिंबाजी गवंडी तडा बुजवायला चुना मळून आला होता, तो छिन्नी खाली ठेवून, जोडे काढून, पाया पडून गेला. शेवटी कचेरीतले साहेब मुआयन्याला, म्हणजे पाहणीला आले. गावानं देवीसाठी, सात ठिपके सोडून, वाढलेल्या तड्यासकट सगळा बांध चुन्यानं पांढराशुभ्र करून ठेवला होता. साहेबांनी सात ठिपके मोजले. माझ्या अर्जातही सातच. (आठव्याचा अर्ज अजून मुनशीकडं उर्दू होत होता.) त्यांनी लिहिलं, बांध मजबूत, तडा वाढत नाही, रयत देखभाल उत्तम करते. मला शाबासकी दिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी वाकून सलाम केला.

काल सकाळी पाझर गढूळ आला. स्वच्छ पाणी पाझरतं तोवर समजावं, म्हातारा बांध घाम गाळतोय. गढूळ आलं म्हणजे आतला भराव धुऊन चाललाय. मी घरोघर सांगत सुटलो. बायका म्हणाल्या, देवीनं तीर्थात हळद कालवली. माझ्याच गिरिजानं त्याचा तांब्या भरून आणला आणि शिवगंगेला पाजला. तळं भरायला अजून तीन हात कमी आहे आणि सगळा श्रावण पुढं आहे. आमचं घर खालच्या आळीत, बरोबर बांधाखाली, चाळीस घरांत. मला भीती वाटते, मामा. इतका वेळ रागानं लिहीत होतो, पण खरी ती भीतीच आहे.

बाकी सर्व ठीक. गुडघा जपावा, ओलीत हिंडू नये.

तुमचा भाचा,
महालिंगप्पा

ता. क. शिवगंगेला लोहाऱ्याला न्यायला छकडा पाठवावा. तुमचं घर उंचावर आहे. मंगळवारच्या आत पाठवावा.

आणखी एक. गिरिजा तिला सोडणार नाही. तिनं बाळाचा पाळणा बांधावर बांधायचा नवस केला आहे. म्हणून छकड्याबरोबर चिठ्ठी द्यावी, की मामींच्या स्वप्नात आसरा आल्या आणि म्हणाल्या, पोटुशी पोर आमच्या पाण्याच्या वाटेत ठेवू नका. एवढं ऐकलं की गिरिजा स्वतः तिला छकड्यात बसवील.

शेवटचं. देवीला जमलं तर तिनं स्वप्नात सगळ्या खालच्या आळीचं नाव घ्यावं. मामी जन्मात खोटं बोलल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. मीही दोन वर्षं खरंच बोलत होतो. त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.