पिंपळपानाचा कटर

२३ एप्रिल २००६, रविवार
राजीनामा दिला. आनंदनगरच्या त्या भिकार कंपनीत परत पाय ठेवणार नाही. स्टोअर सांभाळून केस माझे पांढरे झाले आणि सुपरवायझर कोण? आमच्याच चाळीतला राजरत्न. कालचं पोर. सगळ्यांसमोर म्हणाला, काका, रॅक नीट लावा. काका म्हणे!
आता स्वतःचा धंदा. पत्र्याचे बिस्किट-कटर, घरच्या घरी. गिऱ्हाईक सांगेल तो आकार. असं कुणीच करत नाही. चौकशी केलेली नाही, गरजही नाही.

२५ एप्रिल
बुद्धपौर्णिमेला विहारात वाटायच्या नानकटायांचं काम बायकोला मिळालं. संध्याची पहिलीच मोठी ऑर्डर. नीट झाली तर पुढचे कार्यक्रमही तिलाच, असं समितीवाले म्हणालेत. बिचारी घाबरलीय.
मी म्हटलं, गोल कसल्या करतेस? पिंपळाचं पान करू, बोधिवृक्षाचं. कटर मी देतो. ती म्हणाली, गोलच बऱ्या. व्हिजनच नाही तिला.

३० एप्रिल, दुपार
तेलाचा डबा कापला. पट्टी काढली, वाकवली. बोट कापलं. सोल्डर चिकटेना. पत्रा हलका, सोल्डर हलकं, विकणारा त्याहून हलका. दुसरं बोट कापलं.
संध्या म्हणते, हाताकडची कड दुमडायची ना. तिला समजावलं, दोन्हीकडून धार म्हणजे दोन्हीकडून वापरता येतो.

६ मे
ट्रायल. पानं सुरेख पडली. देठ, लांब शेपटी, सगळं. ट्रे घेऊन कोपऱ्यावरच्या सिंधी चंदरसेठच्या बेकरीत भाजायला गेलो. भट्टीतून पानांची वांगी होऊन बाहेर आली!
चंदर हसला. म्हणाला, साईं, नानखटाई है, फैलेगी ही. कटर के लिए कडक आटा चाहिए. मी विचारलं होतं का त्याला? भट्टी मुद्दाम जास्त तापवली त्याने. जळतो माझ्यावर.

९ मे
संध्या चंदरकडून कडक पिठाचं प्रमाण विचारून आली. माझ्या पाठीमागे! बोलणं बंद.
त्या पिठावर कटर दाबला तर सांधा सुटला, पट्टी सरळ. पीठच बेकार.

१२ मे, संध्याकाळ
दिवसभर नवा कटर करत होतो. संध्याला दम निघाला नाही. जुन्या लग्नपत्रिकेतून पिंपळपानाचा आकार कापला, पिठावर ठेवला आणि करंजीचं कातणं कडेकडेने फिरवत बसली. एकेक पान. ढीगभर. पाठ धरली तिची. मी मदतीला गेलो नाही. स्वाभिमान नावाची चीज असते.

१३ मे, बुद्धपौर्णिमा
विहारात नुसती वाहवा! राजरत्नने पान हातात धरून विचारलं, काका, कटर तुम्ही केला? सगळे बघत होते. मी म्हटलं, मग काय तुझ्या कंपनीने? लोक हसले, टाळ्या वाजल्या. समितीने गुलाब दिला. सुकलेला होता, पण असो.
संध्या मागे रिकामे डबे पिशवीत भरत होती. माझ्याकडे बघितलं नाही. खोटं काय बोललो मी? कटर केला तर होताच की.

१४ मे, रविवार
सकाळीच समितीवाले आले. जयभीम करून बसले. पुढच्या कार्यक्रमालाही पानंच हवीत, दुप्पट. म्हणाले, कटर तुमचा, तर ऑर्डर तुमच्याच नावावर टाकतो, काका. संध्या चहा घेऊन दारात उभी होती. वाटलं, आता सांगून टाकावं. पण हो म्हटलं.
ते गेल्यावर तिला म्हटलं, नाव कुणाचं का असेना, दोघं मिळून करू. ती म्हणाली, मला जमणार नाही. चंदरसेठने बेकरीत कामाला बोलावलंय, उद्यापासून.
विचारलं, मग पानं कोण कापणार?
ती कपबशा उचलून आत गेली. मला भीती वाटतेय.