सरकत्या पट्ट्यावरचं विमान

३ मार्च

उडणार नाही! शक्यच नाही!

चहा पिता पिता धाकट्या दिरानं पिल्लू सोडलं. धावपट्टीच्या जागी सरकता पट्टा आहे. विमान ज्या वेगानं पुढं, त्याच वेगानं पट्टा मागं. "सांगा वहिनी, विमान उडेल?"

म्हटलं, पंखांना वारा लागला तर उडेल ना? जागच्या जागी पळणाऱ्याला कसला वारा!

"पण वहिनी—"

पण नाही नि बिण नाही. दहा मिनिटं बोलले. शेवटी म्हटलं, "विचार तुझ्या दादाला. तेही माझ्याच बाजूचे."

"त्याला टकटक तरी करू द्या!"

पक्षाघातानं ह्यांची वाचा गेल्यापासून घरात हीच भाषा. खुर्चीच्या हातावर एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ह्यांचा हात उचललेलाच होता. मी पुढचा मुद्दा मांडत होते.

४ मार्च

स्पीच थेरपीच्या बाई आज स्पष्टच बोलल्या. "शब्द त्यांच्यात आहेत. बाहेर यायला वेळ लागतो. पण मी त्यांना प्रश्न विचारते आणि उत्तर तुमच्याकडून येतं."

"मी मदत करते!"

"असंच चाललं तर ते प्रयत्न सोडतील. मग माझाही उपयोग नाही."

चाळीस वर्षं व्यासपीठं गाजवली. गप्प बसायला कुणी शिकवलं नाही. मनातून मात्र टरकले आहे.

६ मार्च

कामगारांच्या सभेत विमान वापरलंच. "पायाखालची पट्टीच मागं ओढणारे असतील, तर तुमचं विमान उडणार कसं?" टाळ्यांनी छप्पर उडालं!

घरी येऊन ह्यांना सगळं भाषण ऐकवलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. कौतुकानं, असं मी धरून चालले.

७ मार्च

मोटार पट्ट्यावर जागची हलणार नाही, हे नक्की. ती चाकांनीच जमिनीला रेटते. पण विमान कशानं पुढं जातं? हा प्रश्न मला आधी का पडला नाही? दूध उतू गेलं.

९ मार्च

ह्यांच्या व्यायामाच्या ठिकाणी चालायचा पट्टा आहे. दिरानं खेळण्यातलं चाकांचं विमान आणलं, नाकाला दोरी बांधली, पट्ट्यावर ठेवलं आणि दोरी ह्यांच्या चांगल्या हातात दिली. पट्टा सुरू. चाकं गरगर फिरताहेत, विमान जागेवर.

"बघ! म्हटलं नव्हतं!"

"थांबा की जरा. दादा, ओढ."

ह्यांनी दोरी ओढली. विमान सुरसुर पुढं आलं! म्हटलं, वेग वाढवा. वाढवला. चाकं नुसती पिसाटली. विमान तरी आलंच.

"वहिनी, विमानाचं इंजिन चाकं फिरवत नाही, हवा मागं फेकतं. ती हवा म्हणजे ही दोरी. पट्ट्यानं फिरवावीत चाकं हवी तेवढी!"

पुन्हा करायला लावलं. पुन्हा. मग मी स्वतः ओढून पाहिलं. काय मजा आहे! एवढी वाचलेली पुस्तकं, आणि मी आपली चाकांकडेच बघत बसले होते. हरण्यात इतका आनंद असतो हे माहीतच नव्हतं.

ह्यांचं अर्धं तोंड हसत होतं. ओठ हलले. "उ—"

"उडेल! उडेल म्हणताहेत!" मी ओरडले.

"वहिनी!!"

ओठ मिटले. ह्यांनी दोरी सोडून दिली.

१० मार्च

ह्यांचा पहिला शब्द मी बोलून टाकला. ह्यांचा!

आज दिवसभर टकटकसुद्धा नाही.

१२ मार्च

सभेत जाहीर सांगितलं — विमानाचा दाखला चूक होता, ते उडतं. मागून कुणीतरी ओरडलं, "मग आमचंही उडेल!" मोठा हशा. याच्यापुढं माझं भाषण फिकं पडलं असतं. चार वाक्यांत आटोपलं.

घरी तेवढं साधत नाही. ह्यांच्यासमोर बसले की जीभ वळवळते. बाईंनी काल ह्यांना तीन चित्रं दाखवली. ह्यांनी मान फिरवली.

१५ मार्च

चहाच्या वेळी शेजारीण आली. दिरानं तिच्यापुढंही तेच पिल्लू सोडलं. ती म्हणाली, "छे, कसं उडेल?" मी कप खाली ठेवला, घसा साफ केला.

ह्यांनी माझं मनगट धरलं.

"मी... सां... गतो."