मुका चेंडू

वसई, डिसेंबर १९९९

चि. तुषार,

उद्यापासून राजकोटला तुझी पहिली रणजी मॅच. हे पत्र आज टाकलं तरी मॅच संपल्यावर पोचेल, तेव्हा टाकणारच नाही. पण कुणाशी तरी बोलायला हवं.

सातिवलीच्या आपल्या कारखान्यात एखाद्या मशीनचं बेअरिंग जायच्या आधी मला ऐकू येतं. तुझी ऑफस्पिनही मी कानांनीच ओळखतो. नेटमागे उभा राहिलो की चेंडू भुंग्यासारखा गुणगुणत जायचा. परवा तो मुकाच गेला. मी विचारलं, तर म्हणालास, "जुना झालाय चेंडू, बाबा."

मग घरी बोंबलाचं कालवण चमच्याने खाल्लंस. आई हसली, "सायेब झालाय पोरगा." चमचा धरतानाही तुझं पहिलं बोट ताठच होतं.

चेंडू फिरवतं ते हेच बोट; ते गेलं तर ऑफस्पिनर संपला. आणि उद्या बाहेर बसलास तर तुझी जागा दुसरा घेईल, ती परत मिळायची नाही.

तरी मघाशी हॉटेलवर फोन लावला. 'खेळू नकोस' एवढंच सांगायचं होतं. तुझा हॅलो ऐकला, इतका खुशीतला, की मला शब्दच फुटेना. तू नुसत्या श्वासावरून मला ओळखलंस. मग हळूच म्हणालास, "चार दिवस काढेल ते बोट, बाबा. आईला नका सांगू."

गोड बोलून गिऱ्हाईकं जोडली, कारखाना उभा केला, तो मी नुसता 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला.

त्या बोटाच्या भरवशावर,
तुझा बाबा