बाळ येशूचं झबलं

प्रिय एर्लिंदा,

तू फोन आपटलास त्याला दोन आठवडे झाले. तुझा राग मी ओळखते, तो माझ्याकडूनच आला आहे. म्हणून पुन्हा फोन केला नाही. मी बोलायला लागले की तू मधेच तोंड घालतेस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील. ग्वादालाहारात अजून थंडी आहे का? आन्सेल्मोला म्हणावं, सिगारेट सुटल्याशिवाय माझ्या काढ्याने खोकला जायचा नाही.

तुझ्या भावाच्या, एव्हारिस्तोच्या लेकाचा बाप्तिस्मा झाला. तुझ्या जागी बाळाला हाती धरायला, धर्ममाता म्हणून, वहिनीची बहीण उभी राहिली. बाळ पाणी पडताच असं किंचाळलं की तुझीच आठवण झाली. आन्सेल्मोचं पहिलं लग्न चर्चच्या लेखी अजून शाबूत, तुमचं नुसतं सरकारी कचेरीतलं, म्हणून फादर निकानोरनी तुला धर्ममाता होऊ दिलं नाही. आणि तू माझ्यावर घसरलीस. "आई, तू त्यांच्याच चर्चमध्ये पोरांना शिकवतेस. एक तर सगळं मान, नाहीतर सोडून दे. हे अर्धवट काय?" ते मला फार लागलं.

विचार करत राहिले. तुझ्या बाबांशी माझं कशावरून पटायचं? मका शिजवताना चुना किती घालायचा इथपासून वाद. म्हणून मी घर सोडलं नाही, आणि पटत नाही ते गिळलंही नाही. शेजारच्या कासिल्दाला विचार, भिंतीपलीकडून तिने सगळं ऐकलंय. चर्चही माझं घरच आहे. माझ्या आईला शेवटचा निरोप तिथूनच दिला, तुम्हा दोघा भावंडांचा बाप्तिस्मा तिथेच झाला. पण घरात राहायचं तर घरच्यांशी खरं बोलायला हवं, आणि तुझ्या बाबतीत मी फादरांपुढे गप्प बसले होते.

म्हणून रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर त्यांना गाठलं. पोरांना पहिल्या कम्युनियनच्या प्रसादासाठी तयार करायचा वर्ग हातचा जाईल ही धास्ती होती, आणि त्या पोरांशिवाय माझा शनिवार मला खायला उठेल. तरी म्हटलं, "फादर, माझ्या लेकीबाबतचा नियम मला पटत नाही. देवाला पटत असेल असंही वाटत नाही." ते झगा काढता काढता थांबले. "मग वर्गात काय शिकवणार, बाई?" "चर्च काय म्हणतं ते नीट शिकवेन. कुणी मला विचारलं, तर मला पटत नाही हेही सांगेन. खोटं बोलू नये हे तर मी दर शनिवारी शिकवते." त्यांनी झगा घडी करून ठेवला. मग म्हणाले, "नियम माझ्या हातात नाही. पण त्यापायी मला शांत झोप लागते असं समजू नका. शनिवारी वेळेवर या, मागच्या खेपेला पोरांनी मेणबत्त्या खाल्ल्या."

नियम आहे तिथेच आहे, एर्लिंदा. तो बदलला असं मी सांगणार नाही. पण मी मनातलं बोलले आणि अजून आत आहे. पूर्वीपेक्षा मोकळी आहे.

आता मुद्द्याचं. दोन फेब्रुवारीला, दरवर्षीसारखं, आपल्या घरच्या बाळ येशूच्या मूर्तीला नवे कपडे घालून चर्चमध्ये न्यायचं आहे. कासिल्दा तीन वर्षं त्याची धर्ममाता होती. तिची मुदत संपली, त्याला नवी धर्ममाता हवी. मी फादरांना तुझं नाव सांगितलं, तर हसून म्हणाले, "त्या बाळाची धर्ममाता नेमताना तुम्ही बायकांनी मला कधी विचारलंय?" तेव्हा झबलं तू शिव. धर्ममाता म्हणून तुझं पहिलं वर्ष, म्हणून पांढरंच. उजवी बाही सैल ठेव, तू लहानपणी मोडलेलं त्याचं बोट तिच्यात अडकतं. पानात वाफवलेले मक्याचे तमालेस मी करते. आन्सेल्मोला बाळाची खुर्ची उचलायला आण, घरचा जावई रिकाम्या हाताने मिरवणुकीत बरा दिसत नाही. आणि बाळाला वेदीपर्यंत तू स्वतः कवेत घेऊन जायचं. फादर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात ना, ते धरणारीच्या अंगावरही पडतं.

वाट पाहणारी,
तुझीच आई